जहाजाचा वेग मोजतात तरी कसा?

शंका-समाधान

मुंबईच्या धक्क्यावरून गोवा, लक्षद्वीप, कोचीला जाणाऱ्या क्रूझ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्या वाचकांची पत्रे वाढली आहेत. परदेशातल्या सफरी करून आलेलेही आवर्जून लिहितात. यंदाच्या पत्रांत सर्वाधिक प्रश्न जहाजाच्या वेगाविषयी होते, म्हणून हा अंक त्यालाच देत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यावरच उभी आहेत. समुद्रावर वेगाचा आकडा ऐकला की ‘किती?’ याच्या जोडीने ‘कशाच्या सापेक्ष?’ हेही विचारायला हवे.

केबिनमधल्या टीव्हीवर नकाशाखाली ‘१८.४ नॉट’ असा आकडा दिसायचा. सहप्रवाशांपैकी कोणी म्हणे ताशी अठरा किलोमीटर, कोणी म्हणे पस्तीस. सगळीकडे किलोमीटर चालत असताना समुद्रावर हे वेगळे माप कशासाठी?
– एक वाचक, पुणे

१८.४ नॉट म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. (‘तासाला’ हे नॉटमध्ये आधीच आलेले असते, त्यामुळे ‘ताशी १८ नॉट’ असे म्हणू नये.) तोंडी हिशेब करायचा असेल तर नॉटचा आकडा दुप्पट करा आणि त्यातून दहावा हिस्सा वजा करा. २० नॉटचे ४०, वजा ४, म्हणजे ३६. खरे उत्तर ३७ आहे. डेकवरच्या गप्पांना एवढे पुरते.

आता ‘कशासाठी’. सागरी मैल पृथ्वीच्या गोलाईतून आला आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश, प्रत्येक अंशाची ६० मिनिटे, म्हणजे एकूण ५४०० मिनिटे. हे अंतर जवळपास १०,००० किलोमीटर आहे. भागाकार करून पाहा, एका मिनिटाच्या वाट्याला १.८५२ किलोमीटर येतात. देशोदेशीच्या सागरी मैलांत थोडाथोडा फरक होता. १९२९ साली मोनॅकोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेने १८५२ मीटर हे माप ठरवून दिले.

याचा खलाशाला रोजचा उपयोग आहे. सागरी नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेला अक्षांशांची पट्टी असते. कर्कटक उघडून दोन ठिकाणांमधले अंतर घ्यायचे, ते तसेच उचलून त्याच अक्षांशाजवळ कडेच्या पट्टीवर ठेवायचे आणि जितकी मिनिटे भरतील तितके सागरी मैल लिहायचे. वेगळी प्रमाणपट्टी लागत नाही. मुंबई साधारण १८ अंश ५५ मिनिटांवर आणि मुरगाव १५ अंश २५ मिनिटांवर आहे. फरक साडेतीन अंशांचा, म्हणजे २१० सागरी मैल. किनारा थोडा पूर्वेकडे झुकत जातो आणि बंदरातून बाहेर पडायचा वळसाही असतो, तेवढे वाढवा. १५ नॉटने निघालात तर चौदा-पंधरा तासांचा हा प्रवास आहे, हे नकाशाकडे पाहूनच सांगता येते. किलोमीटर वापरले तर दर वेळी एक जास्तीचा गुणाकार करावा लागेल.

यंत्रे नव्हती तेव्हा भर समुद्रात वेग कसा कळायचा? वर्गातल्या मुलांनी विचारले आणि मला नीट सांगता आले नाही.
– एक शिक्षिका, रत्नागिरी

मुलांना हे करून दाखवता येईल, म्हणून तपशिलाने लिहितो. सर्वांत जुनी रीत म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि तो मागच्या टोकाशी यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. यातूनच दोरीचा लॉग आला. विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ साली छापलेल्या पुस्तकात त्याचे वर्णन आहे.

लॉग म्हणजे पाव वर्तुळाच्या आकाराची एक लाकडी फळी. तिच्या गोल कडेला शिसे बसवलेले, त्यामुळे ती पाण्यात उभी तरंगते. फळीला तीन दोऱ्या बांधून त्या पुढे एका लांब दोरीला जोडतात. ती दोरी रिळावर गुंडाळलेली असते. हे काम तिघांचे. एकाने रीळ डोक्यावर धरायचे, दुसऱ्याने वाळूचे घड्याळ सांभाळायचे, तिसऱ्याने फळी मागच्या कठड्यावरून सोडायची. फळी पाण्यात जागच्या जागी राहते, जहाज पुढे जाते आणि दोरी सुटत जाते. सुरुवातीची काही वाव दोरी मोजणीत धरत नाहीत, कारण जहाजामागच्या खळबळीतून फळी बाहेर पडायला हवी. तिथे दोरीला कापडाची चिंधी बांधलेली असते. ती चिंधी कठड्यावरून गेली की घड्याळ उलटे करायचे. वाळू संपताच घड्याळवाला ओरडतो, दोरी धरली जाते, आणि तोवर हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे. सात गाठी गेल्या तर वेग सात नॉट; ‘नॉट’ म्हणजे गाठच. शेवटी दोरीला जोरात झटका दिला की फळीची एक खुंटी निसटते, फळी आडवी होते आणि ओढून घेता येते.

गाठी कितीही अंतरावर बांधून चालत नाही. २८ सेकंदांच्या घड्याळासाठी दोन गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच, म्हणजे १४.४ मीटर ठेवत. १४.४ ला २८ ने भागा, सेकंदाला सुमारे ०.५१४ मीटर येतात. त्याला तासाच्या ३६०० सेकंदांनी गुणा, १८५० मीटरच्या आसपास, म्हणजेच एक सागरी मैल मिळतो. मुलांकडून हा हिशेब जरूर करून घ्या. नॉटचा उगम त्यांना फळ्यावरच दिसेल. वेग जास्त असेल तेव्हा १४ सेकंदांचे घड्याळ लावून उत्तर दुप्पट करीत.

या साधनातही चुका होत्याच. ओल्या दोरीची लांबी बदले, दमट हवेत वाळू अडखळे. म्हणून दोरी पुन्हापुन्हा मोजून गाठी सरकवाव्या लागत. लॉगचे आकडे ज्या वहीत उतरवीत तिलाच पुढे ‘लॉगबुक’ म्हणू लागले. जहाज कुठे आहे याचा अंदाज त्या वहीतला वेग, दिशा आणि वेळ यांवरूनच बांधला जाई, त्यामुळे गाठींमधली चूक म्हणजे नकाशावरच्या जागेची चूक ठरे.

आजच्या जहाजांवर हे काम कोणते यंत्र करते? मोटारीसारखा चाकाला जोडलेला मीटर तर पाण्यात शक्य नाही.
– एक वाचक, नाशिक

चाक नसले तरी फिरणारा भाग होता. एकोणिसाव्या शतकात जहाजामागे लांब दोरीने एक छोटा पंखा ओढत नेत. तो पाण्यात फिरे आणि कठड्यावरच्या तबकडीत मैल मोजले जात. आज मोठ्या जहाजांवर मुख्यतः तीन साधने असतात.

पहिले विद्युत-चुंबकीय लॉग. जहाजाच्या तळाशी एक संवेदक असतो, तो भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. समुद्राचे खारे पाणी वीजवाहक असते. असे पाणी चुंबकीय क्षेत्रातून सरकले की फॅरेडेच्या नियमानुसार त्यात सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. वेग जितका अधिक, तितका दाब अधिक. तो मोजून वेग काढतात. अडचण अशी की जहाजाच्या अंगाला लागून असलेले पाणी थोडे जहाजाबरोबरच ओढले जाते, त्यामुळे आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून चाचणीच्या वेळी जहाज ठरावीक अंतरावरून एकदा जाताना आणि एकदा येताना पळवतात आणि दोन्हींची सरासरी घेऊन लॉग जुळवतात. असे केल्याने प्रवाहाचा परिणाम बराचसा निघून जातो.

दुसरे डॉप्लर लॉग. हे तळातून पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांना तिरप्या ध्वनिलहरी सोडते. परत आलेल्या लहरींची कंप्रता किती बदलली त्यावरून वेग काढते. पुढच्या-मागच्या जोडीमुळे जहाजाच्या हेलकाव्यांची चूक बरीचशी छाटली जाते. पाणी साधारण २०० मीटरपर्यंत खोल असेल तर लहरी समुद्रतळावर आपटून येतात आणि तळाच्या सापेक्ष वेग मिळतो. त्याहून खोल पाण्यात तळाचा प्रतिसाद हाती लागत नाही. तेव्हा पाण्यातल्या कणांवरून परतणाऱ्या लहरी वापरतात आणि वेग पाण्याच्या सापेक्ष मिळतो.

तिसरे जीपीएस. उपग्रहांच्या संदेशांवरून जहाजाची जागा आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा वेग काढला जातो. टीव्हीवरच्या नकाशाखाली बहुधा हाच आकडा असतो.

जहाज जिथून चालवतात तो ब्रिज पाहायची संधी मिळाली. तिथे एका पडद्यावर १७.८ आणि शेजारच्यावर १५.६ नॉट होते. इतक्या महागड्या जहाजावर यंत्रे जुळत नसतील तर आपण निर्धास्त कसे राहायचे?
– एक वाचक, ठाणे

निर्धास्त राहा. दोन्ही आकडे बरोबर असणार. एक वेग पाण्यातला आहे आणि दुसरा जमिनीच्या सापेक्ष. जहाज पाण्यातून १७.८ नॉटने पुढे जात होते, पण ते पाणीच समोरून २.२ नॉटने येत होते. उरले १५.६.

बंदरात नांगर टाकून उभे असलेले जहाज घ्या. ओहोटीचे पाणी दोन नॉटने शेजारून वाहत आहे. पाण्यातला वेग मोजणारा लॉग दोन नॉट दाखवील आणि जीपीएस शून्य. आता नांगर उचला, इंजिन बंद ठेवा आणि जहाज प्रवाहाबरोबर वाहू द्या. लॉग शून्यावर येईल आणि जीपीएस दोन दाखवील. दोन्ही वेळा यंत्रे खरेच सांगत आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत.

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. एवढे पाणी काही तासांत आत-बाहेर जायचे म्हणजे प्रवाह जोरकस असणार. भांगाच्या दिवसांत तो बराच मंदावतो. उघड्या समुद्रातही पाणी स्थिर नसते. कोकण किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात साधारण दक्षिणेकडे आणि थंडीत उत्तरेकडे वाहतो. त्याचा वेग बहुधा एका नॉटच्या आतला. फ्लोरिडाजवळ मात्र गल्फ स्ट्रीम तीन नॉटच्याही पुढे जातो. मायामीहून दक्षिणेला निघालेल्या जहाजाला तो समोरून लागतो आणि परतताना मागून ढकलतो.

जीपीएस इतके अचूक आहे, तर मग पाण्यातला वेग मोजायचा खटाटोप कशाला?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, कोल्हापूर

मुक्कामाला कधी पोहोचू हे जीपीएस सांगते. जहाज हाताळायला मात्र पाण्यातलाच वेग लागतो. सुकाणू वळवल्यावर जहाज वळते ते सुकाणूवरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. जमिनीच्या सापेक्ष वेग आठ नॉट दिसत असेल, पण त्यातले चार प्रवाहाचे असतील, तर सुकाणूला जोर चार नॉटचाच मिळतो.

टक्कर टाळण्याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. आपले जहाज आणि समोरचे जहाज एकाच वाहत्या पाण्यात असतात. रडारला पाण्यातला वेग दिला तर समोरचे जहाज पाण्यातून कोणत्या दिशेने चालले आहे आणि त्याची कोणती बाजू आपल्याकडे आहे, हे खरे कळते. कोणी कोणाला वाट द्यायची हे त्यावरच ठरते. जोरदार आडव्या प्रवाहात जमिनीवरचा वेग देऊन पाहिले तर ही बाजू चुकीची भासू शकते.

म्हणूनच ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा कराराच्या पाचव्या प्रकरणात प्रवासी जहाजांवर आणि ३०० टन व त्याहून मोठ्या इतर जहाजांवर पाण्यातला वेग मोजणारे साधन बंधनकारक केले आहे. ५०,००० टन आणि त्यापुढच्या जहाजांना जमिनीच्या सापेक्ष पुढचा आणि आडवा असे दोन्ही वेग दाखवणारे साधनही लागते. (हे टन वजनाचे नसून जहाजाच्या आकारमानाचे आहेत.) आडवा वेग धक्क्याला लागताना कामी येतो. तेव्हा कॅप्टनची नजर ०.१ नॉटवर, म्हणजे सेकंदाला पाच सेंटिमीटरवर असते. क्रूझ जहाज इतके अजस्र असते की हा एवढासा वेग थोडा जरी चुकला तरी धक्क्याचे आणि जहाजाचे नुकसान होते.

जहाजाची कमाल क्षमता २२ नॉट असे माहितीपत्रकात होते. रात्री मात्र ते १४-१५ नॉटनेच चालले होते. बिघाड तर नव्हता?
– एक वाचक, डोंबिवली

बिघाडाचे कारण दिसत नाही. जहाज वेळापत्रकानुसार चालते. बंदराचा पायलट किती वाजता चढणार, धक्का कधी मोकळा होणार, पाणी किती असेल, हे आधी ठरलेले असते. तेवढ्या वेळात जायला जितका वेग पुरतो तितकाच ठेवतात.

यामागे इंधनाचे गणित आहे. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० वरून १६ नॉटवर आणला, म्हणजे फक्त पाचवा हिस्सा कमी केला, तरी लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते. प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरूनही एका मैलामागे इंधन तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाचते, आणि धूरही तितकाच कमी होतो.

आणखी दोन कारणे असू शकतात. उथळ पाण्यात वेगाने गेले तर जहाज नेहमीपेक्षा खोल बसते आणि हा बसका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे बंदराच्या खाडीत वेग उतरवावाच लागतो. काही समुद्रांत व्हेलसाठीही मर्यादा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठरावीक भागांत आणि ठरावीक महिन्यांत ६५ फूट व त्याहून लांब जहाजांनी १० नॉटच्या आत राहावे, असा नियम २००८ पासून लागू आहे. जहाज हळू चालले म्हणून हिरमुसू नका. ब्रिजवर कोणीतरी विचार करून तो वेग ठरवलेला असतो.

समुद्र शांत दिसत होता, तरी वरच्या डेकवर उभे राहवेना इतका वारा. हा वारा येतो कुठून?
– एक वाचक, अमरावती

त्यातला बराचसा जहाजानेच आणलेला असतो. हवा स्थिर असली तरी १८ नॉटने जाणाऱ्या जहाजावर समोरून १८ नॉटचा वारा लागतो. त्यात खरा वारा समोरून १२ नॉटचा असेल तर अंगावर ३० नॉट येतात. उलट मागून १८ नॉटचा वारा असेल तर डेकवर पान हलत नाही आणि चिमणीचा धूर सरळ वर जातो. टोपी आणि चष्मा सांभाळायचा असेल तर मागच्या डेकवर आडोसा शोधा.

जगातली सर्वांत वेगवान प्रवासी बोट कोणती?
– एक वाचक, न्यू जर्सी

अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांत ‘एसएस युनायटेड स्टेट्स’. जुलै १९५२ मध्ये तिने पूर्वेकडची फेरी ३ दिवस १० तास ४० मिनिटांत, सरासरी ३५.५९ नॉटने पूर्ण केली. तुमच्या शेजारच्या फिलाडेल्फियात ती १९९६ पासून उभी होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथून हलवली गेली. आजच्या जहाजांत ‘क्वीन मेरी २’ ३० नॉटपर्यंत जाऊ शकते. बहुतेक क्रूझ जहाजे मात्र १८ ते २२ नॉटसाठीच बांधलेली असतात.

पुढच्या महिन्यात मुंबई–गोवा क्रूझला जातोय. नातवंडे बरोबर आहेत. त्यांना वेग स्वतः मोजता येईल का?
– एक आजोबा, सांगली

नक्की येईल, आणि दोन्ही वेग मोजता येतील.

जमिनीच्या सापेक्ष वेगासाठी फोन विमान-मोडवर ठेवा. समुद्रावरच्या मोबाइल जाळ्याचे बिल फार येते. बहुतेक फोनमध्ये विमान-मोडवरही जीपीएस चालू राहते. उघड्या डेकवर एका जागी उभे राहून अक्षांश लिहून घ्या. सहा मिनिटांनी पुन्हा लिहा. फरक किती मिनिटांचा आला ते पाहून त्याला दहाने गुणा. १.५ मिनिटांचा फरक आला तर वेग १५ नॉट. सहा मिनिटे हा तासाचा दहावा भाग, म्हणून दहाने गुणायचे. जहाज नेमके दक्षिणेला न जाता थोडे पूर्वेकडे कलून जात असल्याने उत्तर किंचित कमी येईल. फोनवर थेट वेग पाहणार असाल तर चालू नका. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे झपझप चालणारा माणूस त्या आकड्यात अडीच नॉटची भर घालतो.

पाण्यातल्या वेगासाठी मुलांना खालच्या डेकवर जहाजाच्या एकाच बाजूला, पुढे आणि मागे असे उभे करा. दोघांमधले अंतर पावलांनी मोजा. जहाजापासून जरा दूर तरंगणारा फेस किंवा शेवाळाचा पुंजका हेरा. अंगाला चिकटून वाहणारा फेस घेऊ नका, तो जहाजाबरोबर ओढला जातो. पुढच्याने हात वर केला की घड्याळ सुरू करा, मागच्याने केला की थांबवा. मीटरला सेकंदांनी भागा आणि १.९४ ने गुणा. १०० मीटरला १३ सेकंद लागले तर १४.९ नॉट. असे पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. कागद, बाटली किंवा फूलही समुद्रात टाकू नका. कचरा टाकण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि मोजायला लागणारा फेस समुद्र फुकट देतो. कठड्यावर वाकू नका, मुलांना तर मुळीच वाकू देऊ नका.

दोन्ही उत्तरे शेजारी लिहा. हाताने केलेल्या मोजणीत नॉट-दीड नॉटची चूक सहज होते, तेव्हा तेवढ्या फरकावरून काही ठरवू नका. फरक त्याहून मोठा आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूचा आला, तर नातवंडांनी प्रवाहच मोजला आहे. तारीख, वेळ, अक्षांश, दोन्ही वेग आणि भरती की ओहोटी असा तक्ता करून पाठवा. पुढच्या अंकात तो आपण इतर वाचकांपुढे ठेवू.